सिंगल बारवरचा जायंट : जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही

गुरुत्वमध्य (बडोदे)

सिंगल बारवर जायंट, म्हणजे हात सरळ ठेवून बारभोवती घेतलेली पूर्ण फेरी, शिकणाऱ्या मुलाच्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडणारा शब्द म्हणजे ‘जोर’. झोका खाली आला की प्रशिक्षक ओरडतात, गादीच्या कडेला उभे असलेले पालक ओरडतात, आणि मूल कोपर वाकवून बार छातीकडे ओढू लागते. मला या धाग्यात एकच गोष्ट मांडायची आहे. जायंटची ऊर्जा हातांच्या ओढीतून येत नाही. शरीराचा गुरुत्वमध्य बारपासून कधी दूर ठेवायचा आणि कधी जवळ आणायचा, या वेळेच्या नेमकेपणातून ती येते. हे मुलांना आणि त्यांच्या पालकांना समजले, तर शिकण्यातला बराचसा त्रास आणि धोका टळू शकतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी सोपा हिशेब पाहू. शरीर म्हणजे एकसारख्या जाडीचा ताठ दांडा आहे आणि त्याचे एक टोक बारवर फिरते आहे, असे समजा. हा दांडा हँडस्टँडच्या स्थितीतून जवळजवळ शून्य वेगाने कलंडला आणि घर्षण अजिबात नाही असे मानले, तर अगदी तळाशी त्याच्या कोनीय वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरणाच्या सहापटीला दांड्याच्या लांबीने भागून मिळतो. बारपासून पायाच्या बोटांपर्यंत २.२ मीटर लांबी धरली, तर हा वेग सेकंदाला सुमारे ५.२ रेडियन, म्हणजे जवळपास ३०० अंश येतो. त्याच क्षणी हातांवर येणारे बल शरीराच्या वजनाच्या चौपट असते. या चौपटीच्या उत्तरातून लांबी गळून पडते, त्यामुळे मूल उंच असो वा बुटके, चौपट ही चौपटच राहते. ५० किलोच्या मुलाच्या दोन तळव्यांना त्या क्षणी २०० किलो वजन पेलण्याइतकी पकड ठेवावी लागते. अशा वेळी त्याला ‘बार ओढ’ असे सांगण्यात काय अर्थ आहे, याचा प्रत्येक प्रशिक्षकाने विचार करावा.

आता खरा प्रश्न पुढे येतो. घर्षण नसलेला दांडा पुन्हा जेमतेम माथ्यापर्यंत पोहोचेल. प्रत्यक्षात तळवे बारवर घासतात, हवा अडवते, सैल पडलेले शरीर ऊर्जा खाते, आणि म्हणून नुसते लटकलेले शरीर माथ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. प्रत्येक फेरीत स्नायूंनी काही ऊर्जा भरावीच लागते, आणि ती भरण्याची जागा भौतिकशास्त्राने ठरवून दिलेली आहे.

गुरुत्वाकर्षणाचे बारभोवतीचे आघूर्ण, म्हणजे शरीर फिरवणारा जोर, हे गुरुत्वमध्य बारपासून आडव्या दिशेत किती दूर आहे यावर ठरते. खाली येताना हे आघूर्ण वेग वाढवते, वर जाताना तेच वेग कमी करते. म्हणून उतरताना शरीर शक्य तितके लांब ठेवायचे आणि चढताना किंचित आखूड करायचे. असे केले की उतरताना जितका कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) मिळतो, त्यापेक्षा चढताना कमी गमावला जातो, आणि उरलेल्या फरकातून घर्षणाची भरपाई होते. आपल्याकडे बडोद्यात घरोघरी झोपाळे आहेत. लहान मूल झोपाळ्यावर उभे राहून झोका वाढवते, तेव्हा ते तळाशी गुडघ्यातून उठते आणि टोकाला पुन्हा बसते. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

शरीर आखूड करायचे ते तळाशीच का, याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात मिळते. तळाशी शरीराला बाहेर खेचणारी ओढ वजनाच्या चौपट आहे. त्या ओढीविरुद्ध गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर आत आणला, तर ५० किलोच्या शरीराने ढोबळमानाने २०० ज्यूल काम केले असे होते. माथ्यापासून तळापर्यंत येताना त्याच शरीराला गुरुत्वाकर्षणाकडून मिळालेली ऊर्जा सुमारे १,०८० ज्यूल असते. म्हणजे योग्य क्षणी केलेली ही छोटीशी हालचाल त्या ऊर्जेच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकी भर घालते. तीच हालचाल ओढ कमी असताना, म्हणजे अर्धे वर गेल्यावर केली, तर तेवढेच कष्ट घेऊनही फळ बरेच कमी मिळते.

प्रत्यक्ष आकार असे असतात. बॅक जायंटमध्ये माथ्यावर खांदे पूर्ण उघडलेले आणि शरीर ताणलेले असते. पोटाची बाजू पुढे ठेवून शरीर कलंडते. उतरताना ते लांब आणि घट्ट राहते. तळ येण्याच्या थोडे आधी छाती आणि कंबर पुढे जातात, पाय मागे रेंगाळतात आणि शरीराची उलटी कमान होते. या कमानीत पोटाचे, मांडीच्या पुढच्या भागाचे आणि काखेखालचे स्नायू ताणले जातात. तळ ओलांडताना पाय झटक्याने पुढे येतात, कमरेचा कोन थोडा मिटतो, पाठोपाठ खांद्याचा कोनही थोडा मिटतो, आणि वर पोहोचता पोहोचता दोन्ही पुन्हा उघडतात. कोपर या सगळ्यात कुठेही वाकत नाही. आमच्याकडची मुले या झटक्याला ‘टॅप’ म्हणतात. टॅप तळाच्या आधी बसला, तर गुरुत्वाकर्षण वेग देत असतानाच शरीर आखूड होते आणि कमाई घटते. तो उशिरा बसला, तर शरीर लांब असतानाच चढण सुरू झालेली असते.

दोरीवरची

दादा, लेख फार उपयोगी आहे. मी मल्लखांब शिकवते, आणि माझ्याकडच्या काही मुली पुढे जिम्नॅस्टिक्सला जातात. त्यांच्या प्रशिक्षकांची एकच तक्रार असते, की मल्लखांबावरून आलेली मुले बारवर हात वाकवतात. याचे कारण काय असावे? आणि टांगत्या मल्लखांबाचा अनुभव झोक्याला उपयोगी पडत नाही का? तोही हलतोच.

गुरुत्वमध्य

ताई, तक्रार खरी आहे, पण तो मल्लखांबाचा दोष नव्हे. पुरलेल्या मल्लखांबावर आणि दोरीवर टिकून राहायचे तर शरीर खांबाशी किंवा दोरीशी घट्ट आवळावे लागते; घर्षण हा तिथला मित्र आहे आणि गुरुत्वमध्य आधाराजवळ आणणे ही तिथली पहिली शिस्त आहे. बारवर उतरताना नेमके उलटे करावे लागते, म्हणजे आधारापासून जास्तीत जास्त लांब जावे लागते. अनेक वर्षे अंगात भिनलेली शिस्त एका महिन्यात जात नाही, आणि घाबरलेले शरीर तर नेहमी जुन्याच सवयीकडे धावते. म्हणून अशा मुलांना मी आधी बारवर नुसते लांब लटकायला लावतो. कान दंडांच्या मध्ये, खांदे ढिले, बरगड्या आत. त्यानंतर लहान झोके, आणि त्या झोक्यांत फक्त कमान आणि टॅप यांचा क्रम. लांब लटकणे जमल्याशिवाय झोका वाढवू देत नाही.

टांगत्या मल्लखांबाचा उपयोग मात्र निश्चित होतो. तिथे आधार स्वतः हलतो आणि स्वतःभोवती फिरतोही. आपण एका दिशेने अंग टाकले की लाकूड दुसऱ्या दिशेने सरकते, हे त्या मुलांना न सांगता कळलेले असते. ही समज बारपेक्षा रोमन रिंग्जवर अधिक कामाला येते, कारण रिंग्जवरही टांगलेला आधार स्थिर नसतो. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या संस्थांमुळे बडोद्यात मल्लखांबाची परंपरा टिकून आहे. तिचा जिम्नॅस्टिक्सला होणारा फायदा आपण पुरेसा ओळखलेला नाही, असे मला वाटते.

रावपुरा_रहिवासी

मी यंत्र अभियंता आहे आणि माझा मुलगा बार करतो. दोन मुद्दे मांडतो. पहिला असा, की वेळेचे महत्त्व मान्य करूनही ताकदीला इतके दुय्यम स्थान देणे मला पटत नाही. चौपट ओढीविरुद्ध शरीर १० सेंटीमीटर आत घेणे हे ताकदीचेच काम आहे. दुसरा मुद्दा असा, की आपण बार ताठ धरला आहे. २.४ मीटर लांब आणि २८ मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा वजनाच्या चौपट भाराखाली स्पष्ट दिसण्याइतका वाकतो. ती ऊर्जा हिशेबात कुठे आहे?

गुरुत्वमध्य

साहेब, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ताकद हवीच. फक्त ती कोणत्या स्नायूंत आणि कोणत्या रूपात हवी, हे स्पष्ट असले पाहिजे. दंडाच्या पुढच्या स्नायूने कोपर वाकवून एवढ्या ओढीविरुद्ध काम करणे लहान मुलाच्या आवाक्यात नाही, आणि तसा प्रयत्न केल्यास पकड सुटण्याचा धोका वाढतो. पोट, मांडीचा पुढचा भाग आणि काखेखालून पाठीकडे जाणारे मोठे स्नायू हे काम करू शकतात, कारण कमानीत ते आधीच ताणलेले असतात आणि ताणलेला स्नायू लगेच आकुंचला तर जास्त बल देतो. म्हणून मी पुलअप्सपेक्षा जमिनीवर पाठीवर झोपून शरीर घट्ट होडीसारख्या आकारात धरण्यावर, आणि पोटावर झोपून कमान धरण्यावर अधिक वेळ देतो. ज्या मुलाला जमिनीवर हे दोन आकार टिकवता येत नाहीत, त्याला चौपट ओढीखाली ते टिकवता येणार नाहीत.

बारच्या लवचिकतेबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. तळाकडे येताना बार खाली वाकतो आणि शरीराच्या गतिज ऊर्जेचा काही भाग त्यात साठतो. वर जाताना बार सरळ होतो आणि ती ऊर्जा परत देतो. पोलाद फार थोडी ऊर्जा गिळते, म्हणून परतावा चांगला असतो. जर्मनीत अरामपाट्झिस आणि ब्रुगमान या संशोधकांनी १९९०च्या दशकात खेळाडू आणि बार यांच्यातली ही देवाणघेवाण मोजली. माझ्या दृष्टीने त्या विचारातली मोलाची गोष्ट ही, की बार स्वतः नवी ऊर्जा निर्माण करत नाही. स्नायूंनी केलेले काम तो काही क्षण सांभाळून ठेवतो. चुकीच्या वेळी टॅप मारणाऱ्या मुलाचा बारही चुकीच्या वेळी सरळ होतो, आणि मग ते मूल हिसका बसल्यासारखे वर जाते. चांगल्या जायंटमध्ये बारचे वाकणे आणि सरळ होणे सलग दिसते, आवाजही एकसारखा येतो. आपला मुलगा झोका घेत असताना थोडा वेळ फक्त बारकडे पाहा. बरेच काही कळेल.

उंचसखल_बार

मी पूर्वी स्पर्धेत उतरत असे, आता मुलींना शिकवते. इथे सगळी चर्चा मुलांच्या बारची चालली आहे, म्हणून मुलींच्या बाजूने लिहिते. अनइव्हन बार्सवर खालचा बार वरच्या बारच्या ८० सेंटीमीटर खाली आणि एका बाजूला असतो. जायंट घेताना पाय त्या बारवर आपटू नयेत म्हणून मुलीला त्या जागी पाय फाकावे लागतात किंवा कमरेत वाकावे लागते. खालचा बार उतरणीच्या बाजूला असेल, तर ज्या जागी शरीर लांब ठेवून कमाई करायची, नेमक्या तिथेच आखूड व्हावे लागते. म्हणजे वर दिलेल्या नियमाच्या विरुद्ध वागावे लागते. शिवाय आमचा बार ४० मिलिमीटर जाडीचा, तंतुकाचेचा (फायबरग्लासचा) आणि वर लाकडाचे आवरण असलेला असतो. लहान हाताला तो पूर्ण वेढता येत नाही. मुलांच्या प्रशिक्षकांनी मुलींना शिकवताना हा फरक विसरू नये, एवढीच विनंती.

गुरुत्वमध्य

ताई, हा फरक मी लेखातच लिहायला हवा होता इतका मूलभूत आहे. त्यात एकच भर घालतो. उतरताना पाय फाकून बार टाळण्यात गुरुत्वमध्याचे अंतर कमरेत वाकण्यापेक्षा कमी घटते, म्हणून नुकसानही कमी होते. बार ओलांडला की पाय लगेच मागे नेऊन पूर्ण कमान मिळवायची आणि टॅप थोडा उशिरा, पण अधिक जोरकस करायचा. मुलींना कमरेची लवचिकता याच जागी सर्वांत जास्त उपयोगी पडते.

सांधेवैद्य

वैद्यकीय बाजूने थोडे लिहितो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचे पट्टे असतात आणि ते पूर्ण हाडापेक्षा कमकुवत असतात. फ्लोअर आणि व्हॉल्टवर मनगटावर दाब येतो, बारवर ताण येतो. दोन्ही मिळून रोजचा भार ठरतो. म्हणून एकाच दिवशी भरपूर जायंट आणि भरपूर टंबलिंग ठेवू नये. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला सतत दुखत असेल, तर ‘सवय होईल’ असे म्हणून मुलाला पुढे ढकलू नये.

दुसरी गोष्ट चामड्याच्या ग्रिपची, म्हणजे तळव्यावर बांधायच्या पट्टीची. ग्रिपमधली आडवी कांडी बोटांना आधार देते आणि पकड पुष्कळ सुधारते. पण ग्रिप वापरून ताणली गेली किंवा मुळातच मोठी असली, तर तिचा सैल भाग बारभोवती स्वतःवरच दुमडून अडकू शकतो. हात बारवर थांबतो आणि शरीर त्याच वेगाने पुढे जाते. अशा वेळी हाताची दोन्ही हाडे मोडू शकतात. मोठ्या भावाची ग्रिप धाकट्याला देणे ही काटकसर करू नका.

गुरुत्वमध्य

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सुरुवातीच्या काळात स्ट्रॅप बार वापरावा, हेही यात जोडतो. गुळगुळीत नळी बारवर चढवून, हातमोजे घालून पट्ट्यांनी हात बांधले की पकड सुटण्याची भीती जाते आणि मुलाचे सगळे लक्ष आकारांवर राहते. तरीही प्रशिक्षक शेजारी उभा असलाच पाहिजे. आणखी एक, साध्या पकडीत मागे जाणाऱ्या झोक्याच्या टोकाला बोटे उघडण्याकडे कल असतो. नवशिक्याचा हात सुटतो तो बहुधा तिथेच. त्या टोकाला शरीर क्षणभर हलके होते, तेव्हा मनगट पुढे घेऊन पकड नव्याने बसवायची, ही सवय जायंटच्या कितीतरी आधी लागली पाहिजे.

सयाजीबागकर

काका, मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकतो. जायंटनंतर बार सोडून उतरताना किंवा बार सोडून पुन्हा पकडताना, सोडण्याच्या क्षणाची अचूकता किती लागते? आणि हवेत गेल्यावर खेळाडूला काही दुरुस्ती करता येते का?

गुरुत्वमध्य

प्रश्न अगदी मर्मावर आहे. बार सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग आणि गुरुत्वमध्याभोवतीचा कोनीय संवेग, दोन्ही ठरून गेलेले असतात. हवेत फक्त शरीर मिटवून गिरकीचा वेग वाढवता येतो किंवा ताणून कमी करता येतो. मार्ग बदलता येत नाही.

अचूकतेचा अंदाज तुम्हीच पडताळून पाहा. समजा बारच्या पातळीच्या आसपास असताना गुरुत्वमध्य सरळ वर ४.५ मीटर प्रति सेकंद वेगाने जातो आहे आणि त्याच क्षणी बार सोडला. गुरुत्वमध्य आणखी एक मीटरभर वर जाईल आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत एकूण सुमारे १.२ सेकंद मिळतील. आता सोडायला ०.०३ सेकंद उशीर झाला. तेवढ्यात शरीर साधारण ८ अंश फिरलेले असते, वेगाची दिशाही तितकीच वळलेली असते, आणि आडव्या दिशेत सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग बारच्याच दिशेने येतो. १.२ सेकंदांत हा फरक पाऊण मीटरचा होतो. लवकर सोडले तर खेळाडू दूर फेकला जातो, उशिरा सोडले तर बारवर येतो. त्यामुळे प्रशिक्षकांना उशिराची भीती जास्त वाटते, आणि ते योग्यच आहे.

मग हे मानवी शरीराला जमते कसे? इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात येडन आणि हायली यांनी संगणकावर खेळाडूची प्रतिकृती चालवून या प्रश्नाचा अभ्यास केला. बार सोडायला चालेल अशा काळाची एक खिडकी असते, आणि ती किती रुंद आहे हे त्याआधीच्या जायंटच्या आकारावर ठरते. तळाजवळ मोठी कमान आणि त्यानंतर कमरेत खोल मिटणे, अशा पद्धतीने घेतलेल्या जायंटमध्ये ही खिडकी जुन्या पद्धतीपेक्षा रुंद मिळते. म्हणजे श्रेष्ठ खेळाडू केवळ अचूक क्षण पकडत नाही. चुकीला जागा उरेल असा झोका तो आधीच बांधतो. या विषयातले मला सर्वांत आवडलेले निरीक्षण हेच आहे.

बार सोडून पुन्हा पकडण्याच्या प्रकारांत त्काचेव नावाच्या प्रकाराकडे नीट पाहा. त्यात शरीर बारवरून मागे जाते, पण गिरकी मात्र झोक्याच्या उलट दिशेने असते. ती गिरकी हवेत निर्माण होत नाही. बार सोडण्याआधी बारवरच दाब देऊन कोनीय संवेगाची दिशा उलटवावी लागते. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या एप्के झोंडरलँड यांनी कॅसिना, कोव्हॅक्स आणि कोलमन हे तीन प्रकार सलग करून सुवर्णपदक मिळवले. प्रत्येक वेळी बार पुन्हा पकडल्यावर पुढच्या सुटकेपूर्वी त्यांच्याकडे एकच झोका होता, आणि त्या एका झोक्यात कमी झालेली सगळी ऊर्जा परत मिळवायची होती. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते चित्रण एकदा तरी संथ गतीने पाहावे.

दोरीवरची

रिंग्जबद्दल आपण वर ओझरते लिहिलेत. तिथे जायंटसारखा झोका घेताना खांद्यांना बसणारा हिसका कमी कसा करायचा?

गुरुत्वमध्य

रिंग्ज दोरांवर टांगलेल्या असल्याने फिरण्याचा केंद्रबिंदू स्थिर नाही, आणि दोर हलते राहिले तर गुणही कापले जातात. तळाशी येताना हात बाजूला उघडत नेले, तर शरीराला थांबवणारे अंतर वाढते आणि खांद्यावरचे कमाल बल घटते. हात शेवटपर्यंत समांतर ठेवून सरळ खाली पडणाऱ्या मुलाचे खांदे फार काळ टिकत नाहीत.

रावपुरा_रहिवासी

शेवटचा प्रश्न. घरच्या मोबाइलवर मुलाचा झोका चित्रित करून टॅपची वेळ तपासता येईल का?

गुरुत्वमध्य

नक्की येईल, पण तीन काळज्या घ्या. मोबाइल साध्या गतीवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रे या गतीवर ठेवलात, तर तळाशी दोन चित्रांच्या मध्ये शरीर १० अंश फिरून जाते आणि टॅप कुठे सुरू झाला हे कळत नाही. सेकंदाला २४० चित्रांची सोय असेल तर ती वापरा. मग हे अंतर सव्वा अंशावर येते. मोबाइल बारच्याच उंचीवर, बारच्या लांबीच्या रेषेत, शक्य तितका दूर आणि तिपाईवर ठेवा, कारण जवळून किंवा तिरके घेतलेल्या चित्रात कोन खोटे दिसतात. आणि खांदा, कंबर व घोटा या तीन जागी कपड्यांवर गडद पट्टी चिकटवा. मग बार, खांदा, कंबर आणि घोटा यांना जोडणारी रेषा तळाआधी कुठे मागे वळते आणि तळानंतर कुठे पुढे वळते, एवढेच पाहा. ती वळण्याची जागा प्रत्येक झोक्यात एकच येत असेल, तर मुलाचा झोका वाढवायला हरकत नाही. ती दर झोक्याला सरकत असेल, तर अजून काही आठवडे लहान झोकेच घेऊ द्या.